सान पेद्रूची बशी

१

जाळं वर ओढलं तेव्हा त्यात मासे नव्हते. आमच्या बंदरात हे काही नवीन नाही. पण या वेळी जाळ्यात जाळंसुद्धा नव्हतं.

दोराचं एक चिंधड्या झालेलं टोक आणि त्याला लटकलेल्या दोन-चार बोया, एवढंच घेऊन 'सान पेद्रू' किल्ल्यामागच्या धक्क्याला परत आली. १९८४ सालचा ऑक्टोबर होता. ते जाळं बंदरातल्या बायकांनी पावसाळाभर ओट्यावर बसून विणलेलं होतं. विणताना त्यांनी सुनांची, नणंदांची आणि सोसायटीच्या कमिटीची जी काही चर्चा केली होती, तीही त्याच्याबरोबर समुद्राच्या तळाशी गेली. कमिटीला त्यातल्या त्यात तेवढंच समाधान.

'सान पेद्रू' ही मच्छीमार सोसायटीची बोट आणि आमचा अभिमान. अभिमानाचं कारण तिच्या केबिनमध्ये भिंतीला टांगलेलं होतं: खोली मोजायचं मशीन. बोटीच्या तळाला एक गोल, काळी चकती बसवलेली. ती पाण्यात आवाज सोडते, तळावर आपटून आलेला आवाज तीच ऐकते, आणि वर मशीनची सुई कागदावर जळका वास सोडत तळाची रेघ ओढते. चकतीचं खरं नाव ट्रान्सड्युसर. हा शब्द बंदरात एकट्या अध्यक्षांना येत होता, आणि तोही दर वेळी वेगळा. बाकी सगळे तिला बशी म्हणत.

असं मशीन आसपासच्या कुठल्याच बंदरात नव्हतं. फादरांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलं, जरा जपूनच, कारण विजेची वस्तू. अध्यक्ष बेसिल यांनी भाषणात सांगितलं की आता शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून खोली मोजण्याचे दिवस संपले. आणि टाळ्या चालू असतानाच ती दोरी बोटीवरून उतरवून घेतली.

बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा, सॅन्टन. त्याचं म्हणणं एवढंच होतं: "मशीननं रेघच काढली नाय. कागद कोरा. चेअरमनसाहेबांनीच शिकवलेलं, रेघ नाय म्हनजे तळ लांब, खुशाल जाळं सोड. मी सोडलं. खाली खडक होता."

अध्यक्षांनी त्यावर वाद घातला नाही. ते धक्क्याला लागलेल्या बोटीत चढले आणि सगळ्यांसमोर मशीन चालू केलं. सुई हलली, जळका वास आला आणि कागदावर खाडीच्या तळाची सुंदर, ठळक रेघ उमटली.

रविवारच्या मिस्सानंतर सर्वसाधारण सभा ठरली. विषय एकच: सॅन्टनचं सुकाणू काढून फेबियनला देणे.

२

फ्लॉसी टीचर निर्मळला राहत. हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि घरी केळीची वाडी बघत. दोन्हीकडे त्यांच्यासमोर कोणी वाकडं उभं राहत नसे. चर्चच्या सणातली हरवलेली चांदीची झारी त्यांनीच शोधून दिली होती. कोणाकडे सापडली ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि त्यामुळे गावातली निम्मी माणसं त्यांच्याशी फार अदबीने वागतात.

सॅन्टन सायकलवरून आला. हॅंडलला पापलेटांची पिशवी.

"मी काय विचारायला नाय आलो, टीचर," तो म्हणाला. "मासे द्यायला आलो."

"जाळं नाही तर मासे कुठून आणलेस?"

"विकत घेतले."

तांडेलाने मासे विकत घेतले म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे टीचरना कळलं. त्यांनी त्याला ओटीवर बसवलं. लंगडत चालत होता म्हणून पायाकडे पाहिलं. अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं.

"हे काय?"

"बशीवर मेस्त्रीनं आतल्या बाजूनं लाकडी पेटी केलीय. वीतभर उंच. भायेर बशी, आत पेटी. ये-जा करताना रोज ठेचकाळतो."

"मशीन खोटं कधी बोलतं? सांग. नेहमी?"

सॅन्टन विचार करू लागला. शाळेतही तो असाच खिडकीबाहेर बघून विचार करायचा, पण तेव्हा उत्तर येत नसे.

"खाडीत बरोबर. खाडीच्या तोंडाशी बरोबर. मग रेघ फिकी होत जाते. दहा वावांच्या पुढं गेलो की कागद कोरा." वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की मावते तेवढी दोरी. आमच्याकडे समुद्र अजून माणसाच्या हातांनीच मोजतात. "थांबलो तरी कोरा. इंजिन बंद केलं तरी कोरा."

"म्हणजे इंजिनाचा गोंगाट नाही, पंख्याचे बुडबुडे नाहीत." टीचरनी पिशवी आत ठेवायला दिली. "सुकाणू गेलं तर काय करशील?"

"दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हनून नाय जानार," सॅन्टन म्हणाला. "आमच्या घरात अजून कोनी गेला नाय. मुंबयला वॉचमन होईन. तिथं कोनी ओळखत नाय."

तो सहा फूट उंचीचा माणूस हे वाक्य पायऱ्यांकडे बघत बोलला.

३

अध्यक्ष बेसिल सोसायटीच्या ऑफिसात उद्घाटनाच्या फोटोखाली बसले होते. फोटोत ते किनाऱ्यावर चढवलेल्या बोटीखाली वाकून काळ्या चकतीकडे बोट दाखवत होते.

"टीचर, ट्रान्सडूसर अगदी ओके आहे. मी स्वतः तीन वेळा टेस्ट घेतली."

"कुठे?"

"धक्क्याला."

"तिन्ही वेळा?"

"पाहुणे तिथेच होते."

"बाहेर समुद्रात का नाही घेतली?"

अध्यक्षांनी फोटो सरळ केला. तो सरळच होता. बंदराच्या अध्यक्षाला बोट लागते ही गोष्ट अख्ख्या बंदराला ठाऊक होती. फक्त अध्यक्षांना वाटायचं की ती कोणाला ठाऊक नाही.

फेबियन ऑफिसच्या पायरीवर विडी ओढत होता. सॅन्टनचं सुकाणू त्याला मिळणार होतं, म्हणून संशयितांमध्ये त्याचा नंबर पहिला.

"मीच केलं असं बोलतात ना लोक?" त्याने विचारलं. "टीचर, मला त्याचं सुकाणू पाहिजे. पन त्याच्याहून जास्त मासे पकडून पाहिजे. असं पडलेलं नको. उद्या माझ्या पोराला सांगू काय, बशी बिघडली म्हनून मी तांडेल झालो?"

टीचरनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. वहीत उत्तर बरोबर आलं की त्या असंच पाहत.

"आणि एक सांगतो," फेबियन म्हणाला. "सॅन्टन खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. लहानपनापासून. परवा धक्क्यावर त्याचे कान काळेच होते."

मग रेघ पुसली कोणी?

४

मशीनच्या वायरी जोडल्या होत्या जयरामने. विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात चाळीतल्या खोलीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. खोलीत बारा रेडिओ एकाच वेळी बारा वेगवेगळी स्टेशनं लावत होते, आणि त्यात जयराम शांत होता.

"मॅडम, माझ्या हाताखालून गेलेला रेडिओ परत आलेला नाही."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते पण नाही आलं," जयराम म्हणाला. मग त्याने जरा विचार केला. "म्हणजे समाधानी आहेत."

"बशी तू पाहिलीस? बोटीला बसवायच्या आधी?"

"खोक्यातून मीच काढली. पितळेची, खालून सपाट. मागे दांडा, आटे पाडलेला, आतून वायर येते. अळंबी असते ना, तशी. बशी बाहेरून, दांडा भोकातून आत, वरून नट आवळायचा. दांडा वीतभर."

"बोटीचं लाकूड तिथं किती जाड?"

"चार बोटं. आणि बाहेरून मेस्त्री ठोकळा लावणार होता, तो आणखी चार बोटं."

"मग आत दांडा किती राहील?"

जयरामने हवेत दांडा धरला, हवेत भोक पाडलं, हवेत नट आवळला. "थोडासा. नटापुरता."

"आणि पेटी केवढी?"

"पेटी ना, मॅडम, अशी..." त्याचा हात जमिनीपासून वीतभर वर गेला आणि तिथेच थांबला. "मी पेटीत बघितलं नाही. मेस्त्रीने वरून वायर हातात दिली. बोलला, बाकीचं माझं काम, तू तुझं कर."

बाराही रेडिओ चालूच होते, पण टीचर आता काहीच ऐकत नव्हत्या.

५

श्रीपत मेस्त्री खाडीच्या काठी होड्या आणि बोटी बांधत. आमच्या बंदरातली एकही बोट त्यांच्या हाताशिवाय पाण्यात गेलेली नाही, आणि हे सांगायची संधी त्यांनी कधी वाया घालवलेली नाही.

त्यांची एक रीत होती. बोट पुरी झाल्यावर तिच्यातून जो तुकडा कापावा लागेल, तो ते जाळत नसत, फेकत नसत. तांडेलाच्या घरी पोचवत. बोटीचं लाकूड बोटीच्या माणसाकडे. सॅन्टनच्या घरी आल्तारावर, मदर मेरीच्या पायाशी असे तुकडे रांगेत मांडलेले होते: नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, कपची, डोलकाठीच्या खोबणीतला तुकडा, केबिनची खिडकी मोठी केली तेव्हाची पट्टी. टीचर मेस्त्रींकडे यायच्या आधी ती रांग बघून आल्या होत्या. बराच वेळ बघत होत्या. सॅन्टनच्या बायकोला वाटलं प्रार्थना करतायत.

"श्रीपतदादा, 'सान पेद्रू' काय झकास बांधलीत," टीचर म्हणाल्या.

"थेंब नाय आत येत," मेस्त्री रंधा न थांबवता म्हणाले. "बाकीच्या बोटी रोज उपसतात. हिला बादली पन ठेवली नाय."

"तळाला भोक पाडूनसुद्धा?"

"हात पायजे त्याला."

"जड गेलं असेल. सागाचं लाकूड."

"लोन्यासारखं गेलं."

"आणि आतून जो गोल तुकडा निघाला असेल, तो सॅन्टनकडे दिसला नाही."

रंधा थांबला. खाडीवर काही जण कोणाचीतरी होडी ढकलत होते, त्यांचा आरडाओरडा ऐकू आला.

"पानी घेऊन गेलं," मेस्त्री म्हणाले, आणि रंधा पुन्हा चालू झाला. जरा जोरातच.

टीचरनी मान हलवली. सायकलपर्यंत गेल्या. परत आल्या नाहीत, काही विचारलं नाही. बशी बसवली तेव्हा भर पावसाळा होता. 'सान पेद्रू' किनाऱ्यावर, माडाच्या झापांनी शाकारलेल्या मांडवाखाली, ठोकळ्यांवर चढवलेली होती. पाणी तिच्यापासून चांगलं शंभर पावलं लांब होतं.

६

रविवारी मिस्सा संपली तेव्हा ओहोटी लागलेली होती. सभा टीचरच्या सांगण्यावरून धक्क्याखाली चिखलात भरवली. 'सान पेद्रू' टेकूंवर उभी, पोट उघडं. लोक मिस्साचे कपडे सांभाळत, पायजमे आणि साड्या वर धरून उभे होते. एवढी गंभीर सभा एवढ्या उघड्या पोटऱ्यांनी आमच्याकडे पूर्वी झाली नव्हती.

"मशीन चांगलं आहे," टीचरनी वर्गातल्या आवाजात सुरुवात केली. मागे कुजबुजणारे आपोआप गप्प झाले. "जयरामच्या वायरी चांगल्या आहेत. सॅन्टन खरं बोलतो. मशीन उथळ पाण्यात चालतं आणि खोल पाण्यात चालत नाही. म्हणजे आवाज जातो, पण दमलेला जातो. खाडीत तळ जवळ आहे, दमलेला आवाजसुद्धा परत येतो. बाहेर येत नाही. तर तो दमतो कुठे?"

"समुद्रात," अध्यक्ष म्हणाले.

"समुद्रात पोचायच्या आधी. बेसिल, लाकूड म्हणजे काय?"

अध्यक्ष हे टीचरचे विद्यार्थी नव्हते, तरी हात मागे बांधून उभे राहिले. "लाकूड म्हणजे... लाकूड."

"बारीक बारीक नळ्या, आणि नळ्यांत कोंडलेली हवा. पाण्यात आवाज पळतो, हवा लागली की अडखळतो. बशीचं तोंड पाण्याला लागलेलं पाहिजे. मध्ये लाकडाची फळी आली, तर आवाज जाताना एकदा दमतो आणि येताना पुन्हा एकदा. वीतभराचा दांडा आठ बोटं लाकडातून वर आला असता, तर वर वीतभराची पेटी कशाला लागली असती? दांडा आख्खाच्या आख्खा आत उभा आहे. फेबियन, बोटीखाली जा. बशीवर टकटक कर."

"मी?"

"तुझ्यावर पहिला संशय होता. तूच जा."

फेबियन मिस्साचा पांढरा शर्ट काढून, घडी करून बायकोकडे देऊन बोटीखाली सरपटत गेला. टकटक ऐकू आली. आणि मग काहीच नाही.

"फेबियन?"

"लाकूड," बोटीखालून आवाज आला. "आईशप्पथ, लाकूड हाय." सुरीचा खरखराट झाला, आणि तो हातात काळी, गोल, गुळगुळीत चकती घेऊन बाहेर आला. शिसवीची, कातून काढलेली, काळा रंग दिलेली. इतकी सुबक की खरी बशी तिच्यापुढे गावठी वाटली असती. उद्घाटनाच्या फोटोत अध्यक्ष हिच्याकडेच बोट दाखवत होते. "मागं भोक नाय. फळी आख्खी."

सगळे हळूहळू एकाच दिशेला वळले.

श्रीपत मेस्त्री टेकूजवळ उभे होते. मान खाली घातलेली नव्हती. ती त्यांना घालता येत नसे.

"माझ्या बापानं बोटी बांधल्या, त्याच्या बापानं बांधल्या," ते म्हणाले. "पानी भायेर ठेवायचं, म्हनून बोट बांधतात. तुमी सांगता, तळाला भोक पाड. मी नाय बोललो. चेअरमनसाहेब बोलले, मग मुंबयचा सुतार आनतो. माझ्या बोटीला मुंबयचा सुतार? मग तुमाला बघायला बशी दिली. खरी आत बसवली, ग्रीस लावून, दाबून. धक्क्याला चालवून बघितली. रेघ आली. मला वाटलं, झालं."

"तुम्हीपण धक्क्यालाच बघितलं," टीचर म्हणाल्या.

"सगळ्यांनी तिथंच बघितलं," मेस्त्री म्हणाले, आणि अध्यक्षांना अचानक खोकला आला.

"जाळं गेलं तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

या प्रश्नावर मेस्त्री पहिल्यांदाच सॅन्टनकडे वळले.

"कळलं रे. तोंड उघडलं नाय. तुझं सुकाणू जाईल, पन माझी बोट आख्खी राहील, असं मनात आलं. चुकलं माझं."

बायका जाळ्याच्या आठवणीने चवताळल्या होत्या. एकीने पदर खोचला. अध्यक्षांनी घाईघाईने सूचना मांडली: उद्याच मुंबईहून सुतार बोलवावा, भोक पाडावं, मेस्त्रींना सोसायटीच्या कामातून काढावं.

"नाय," सॅन्टन म्हणाला.

त्या दिवशीचा त्याचा हा पहिलाच शब्द.

"भोक पाडायचं तर श्रीपतदादाच पाडतील. मुंबयच्या मानसाचा हात लागला तर या बोटीवर मी पाय ठेवनार नाय."

"तुला अजून ठेवायला सांगितलंय कोणी?" अध्यक्ष म्हणाले. "विषयपत्रिकेवर तुझं सुकाणू अजून आहे. मशीन खोल पाण्यात चालतं हे सिद्ध व्हायचंय."

"होऊ दे," सॅन्टन म्हणाला. "जाळं गेलं त्या जागेवर. सगळ्या कमिटीनं यायचं. चेअरमनसाहेबांनी पन."

अध्यक्षांचा चेहरा चिखलाच्या रंगाला गेला. पण एवढ्या पोटऱ्यांसमोर नाही म्हणता येईना.

मेस्त्रींनी भोक पाडायचं सामतं मागवलं. फळीवर हात फिरवला, जागा निवडली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पहिला फेरा दिला. भुसा त्यांच्या पायांवर पडत होता. एरवी बंदरात कुठलंही काम चालू असलं की सल्ला देणारे दहा जण असतात. त्या दिवशी कोणी 'जरा डावीकडे' म्हणालं नाही.

७

खरी बशी नव्या भोकात बाहेरून बसली. तटस्थ माणूस म्हणून समुद्रात जाताना सुकाणू कमिटीने फेबियनच्या हाती दिलं. सॅन्टन हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. हात आवरून धरणं त्याला किती जड जात होतं हे त्याच्या दंडांवरून दिसत होतं. मेस्त्रींना बोलावलं नव्हतं. ते आपणहून चढले.

खाडीचं तोंड मागे पडलं. किल्ल्याचा तट एक काळी पट्टी होऊन राहिला. अध्यक्ष कठड्याला चिकटले. त्यांच्याविषयी एवढंच लिहितो.

दहा वाव. रेघ ठळक. पंधरा. अजून ठळक. सुई खाली खाली जात होती आणि कागदावर समुद्राचा तळ उतरत होता. आमच्या आजे-पणजांनी ज्याच्यावरून जन्म काढले आणि जो एकानेही पाहिला नाही, तो तळ. केबिनच्या दारात सगळी कमिटी गर्दी करून उभी होती.

"एवढं पानी?" मेस्त्री हळूच म्हणाले. त्यांनी आयुष्यभर बोटी पाण्यात ढकलल्या होत्या, पण स्वतः खाडीबाहेर आज पहिल्यांदा आले होते. "माझ्या बोटी एवढ्या पान्यावर चालतात?"

"रोज चालतात," सॅन्टन म्हणाला.

मेस्त्रींनी पायाखालच्या फळीवर टाच दाबून बघितली. चेहऱ्यावर भीती नव्हती. होता तो निव्वळ, न लपवलेला गर्व.

वीस वावांवर रेघ सपाट झाली. बराच वेळ सपाट राहिली. कोणीतरी घसा खाकरला. आणि मग सुईने एकदम उडी मारली. कागदावर तळातून एक काळा, अणकुचीदार सुळका वर आला आणि तसाच पलीकडे उतरला.

खडक.

फेबियनने केबिनच्या काचेतून कागदाकडे पाहिलं, मग सॅन्टनकडे पाहिलं, आणि सुकाणूवरून बाजूला झाला.

"धर," तो म्हणाला. "तुझी जागा."

"कमिटीनं तुला दिलंय."

"कमिटीला विचार मग."

सगळे कठड्याकडे वळले. अध्यक्षांनी मान वर केली नाही, करण्यासारखी परिस्थिती नव्हती. पण त्यांचा एक हात मागच्या मागे वर गेला आणि वरच राहिला. मग एकेक करून कमिटीचे बाकीचे हात वर गेले. मेस्त्री कमिटीत नव्हते, त्यांनी दोन्ही वर केले. सोसायटीच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव.

सॅन्टनने अर्ध्या चड्डीला हात पुसले आणि सुकाणू धरलं. खडकाला वळसा घातला. सगळ्यांना वाटलं आता बोट घराकडे वळेल. अध्यक्षांना तर फारच वाटलं.

त्याने नाळ सरळ पश्चिमेला धरली.

"कुठं रे?" फेबियनने विचारलं.

"पुढं काय हाय ते बघून येऊ," सॅन्टन म्हणाला.